दसरा ते दिवाळी, १८१७

१८१७ साली दसरा १९ ऑक्टोबरला आला. पुण्याने पेशव्यांचे कितीतरी दसरे पाहिले होते, पण इतकी फौज शहराभोवती जमलेली बऱ्याच वर्षांत कुणी पाहिली नव्हती. जमवाजमवीला निमित्तही सोयीचे मिळाले होते. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांना मदत करायची म्हणून दुसरा बाजीराव घोडदळ उभे करत होता, आणि इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने माहुलीच्या भेटीत त्याला तसा सल्लाच दिला होता. हे घोडदळ नेमके कोणावर धावणार, याविषयी संगमावरच्या बंगल्यात राहणाऱ्या इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला मात्र फारशी शंका उरली नव्हती.

दसरा हा मुळात फौजेचाच सण. पावसाळ्याचे चार महिने नद्या दुथडी भरलेल्या, वाटा चिखलात रुतलेल्या, शिलेदार गावाकडे शेतीत गुंतलेला. आश्विन उजाडला की खरीप डोळ्यांपुढे उभे राहते, घोड्याला चारा मिळू लागतो आणि नदीला उतार पडतो. म्हणून नवमीला खंडेपूजन, दशमीला शमीपूजन आणि गावाची शीव ओलांडून मोहिमेचा मुहूर्त. शमीच्या ढोलीत पांडवांनी लपवलेली शस्त्रे आणि आपट्याच्या पानांचे सोने झाल्याची रघू-कौत्साची गोष्ट या दोन कथा त्या मुहूर्ताला पुराणाचा आधार देतात. त्या काळच्या इंग्रज प्रवाशांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटे. मिरवणूक शिवेबाहेर गेली की पेशवा शेतातले कणीस खुडी, आणि मग सगळा जमाव त्या शेतावर तुटून पडे. ज्याला जे मिळेल ते त्याने पागोट्यात खोवायचे, असा तो प्रकार. लुटीची ती रंगीत तालीमच म्हणायची.

प्राचीन रोममध्येही १९ ऑक्टोबर हा शस्त्रांचाच दिवस होता. ‘आर्मिलुस्ट्रियम’ नावाच्या त्या सणाला सैनिक अॅव्हेंटाइन टेकडीवर जमत, शस्त्रांची शुद्धी करत आणि ती हिवाळ्यापुरती ठेवून देत. त्यांची मोहीम मार्चमध्ये, मार्स देवाच्या महिन्यात सुरू होई आणि ऑक्टोबरात संपे. आपल्याकडे मोहिमेचा आरंभ ऑक्टोबरात. हवामान उलटे, म्हणून सणाचा अर्थही उलटा. तारीख मात्र त्या वर्षी नेमकी एक आली.

पुण्याच्या दसऱ्याला इंग्रज पलटण मानवंदनेसाठी उभी राही आणि रेसिडेंटचा यथोचित मान राखला जाई, असा शिरस्ता होता. १८१७ मध्ये पलटण उभी राहिली, पण बाजीरावाने एल्फिन्स्टनकडे मुद्दाम काणाडोळा केला. मिरवणूक चालू असतानाच नारोपंत आपट्यांच्या हाताखालचा घोडेस्वारांचा मोठा जमाव भरधाव इंग्रज पलटणीच्या बाजूवर आला. आता धडकणार असे वाटत असतानाच स्वारांनी घोडी वळवली. ही हुलकावणी होती की अंदाज घेणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. एल्फिन्स्टनच्या हाताखाली असलेल्या जेम्स ग्रँट डफ या तरुण अधिकाऱ्याने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिताना हा प्रसंग नोंदवून ठेवला.

वैर जुने होते आणि त्याचीही मुळे एका यात्रेत होती. बडोद्याच्या गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१५ च्या जुलैत, आषाढीच्या दिवसांत, बाजीरावाबरोबर पंढरपूरला गेला होता. देवळातून बिऱ्हाडी परतताना त्याचा खून झाला. संशय बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्यावर होता आणि शास्त्र्याच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली होती. त्रिंबकजीला पकडून द्यावे लागले, तो ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, आणि अखेर १३ जून १८१७ च्या पुणे करारात बाजीरावाला मराठी राज्यांचे पुढारपणच सोडून द्यावे लागले. वारीत झालेल्या एका खुनाची एवढी किंमत पेशवाईने मोजली.

बाजीरावाचे सणांशी काही वाकडे होते असे मला गमतीने म्हणावेसे वाटते. पंचांग आणि मुहूर्त यांवर त्याची केवढी श्रद्धा! श्रावणात पर्वतीच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा, अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने. आणि नेमके पंचांगच त्याला प्रत्येक वेळी दगा देत गेले. पंधरा वर्षे मागे जाऊ. २५ ऑक्टोबर १८०२, आश्विन वद्य चतुर्दशी. घरोघरी अभ्यंगस्नाने चालू असावीत अशा त्या नरकचतुर्दशीला हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकराने शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. विजय आपलाच होणार या खात्रीने बाहेर पडलेला बाजीराव तोफांचे आवाज कानी येताच मागे वळला आणि सिंहगडाच्या रोखाने निघाला. तिथून कोकण आणि मग वसई. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ ला झाला, म्हणजे इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या दिवशी. १३ मे १८०३ ला इंग्रजांनी त्याला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवले. ज्यांनी बसवले त्यांच्यावरच आता तो उठणार होता आणि दिवाळी पुन्हा तोंडावर आली होती.

इंग्रजांची छावणी गारपिरावर होती, आजच्या कलेक्टर कचेरीच्या भागात. तिथे त्यांच्या तंबूंना मराठी पथकांनी जवळजवळ वेढलेच होते. मुंबईहून गोऱ्यांची पलटण ऑक्टोबरअखेर येऊन पोचली. ती येताच १ नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने सगळी फौज उचलून चार मैलांवरच्या खडकी गावाजवळ नेली. खडकी तेव्हा मुळेकाठचे साधे खेडे. पण जागा हेरली होती ती चोख: पाठीला नदी, पलीकडे दापोडीत कॅप्टन फोर्डची पलटण, समोर गणेशखिंडीपर्यंत उघडा माळ. फोर्डची पलटण ही गंमतच होती. ती होती पेशव्यांची, पगारही त्यांचाच, पण शिकवलेली इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि हुकूम मानणारी त्यांचाच.

पुण्यातल्या मंडळींनी गारपीर सोडण्याचा अर्थ सरळ लावला: इंग्रज घाबरले. मोकळ्या झालेल्या छावणीच्या जागेत लूटही झाली.

५ नोव्हेंबर, बुधवार. शके १७३९, आश्विन वद्य एकादशी. पेशवे दफ्तरातली त्या काळची कागदपत्रे पाहिली तर तारीख आणखी एका पद्धतीने लिहिलेली दिसते. आधी चंद्राचा ‘छ’, मग मुसलमानी महिन्याचा दिवस, मग शुहूर सन. म्हणजे एका दिवसाला हिंदू तिथी, हिजरी चंद्र आणि इंग्रजी तारीख अशी तीन नावे सुखाने नांदत. सणांच्या बाबतीत हा व्यवहार फारसा गोंधळाचा नव्हता, कारण ज्याचा त्याचा सण ज्याच्या त्याच्या पंचांगाने येई.

इंग्रजांच्या पंचांगातही ५ नोव्हेंबर हा काही साधा दिवस नव्हता. १६०५ साली याच तारखेला लंडनच्या पार्लमेंटखाली दारूची पिंपे लावून राजाला उडवून देण्याचा कट उघडकीला आला आणि गाय फॉक्स पकडला गेला. लगोलग कायदा करून तो दिवस राष्ट्रीय आभारदिन ठरवण्यात आला. चर्चमध्ये खास प्रार्थना, रस्त्यात होळ्या, फटाके, गाय फॉक्सचा पुतळा जाळणे असा तो उत्सव. कायदा १८५९ साली रद्द झाला, होळ्या अजून पेटतात. १८१७ मध्ये तो कायदा अमलात होता. खडकीला त्या दिवशी कुणाला प्रार्थना म्हणायला सवड मिळाली असेल असे नाही. होळी मात्र पेटली, संगमावर.

दुपारी मराठी फौज शहरातून बाहेर पडू लागली. एल्फिन्स्टन आणि त्याचे लोक रेसिडेन्सी सोडून नदीपलीकडे निघाले आणि काठाकाठाने खडकीकडे सरकले. त्यांची पाठ वळताच रेसिडेन्सी लुटली गेली आणि पेटवून दिली गेली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते, खासगी कागद सगळे त्या आगीत गेले. ग्रीक नाटके आणि फारसी काव्य यांत रमणारा हा गृहस्थ, तेव्हा ते नुकसान त्याला फौजेच्या नुकसानीहून कमी लागले नसावे.

गणेशखिंडीच्या उंचवट्यावरून ग्रँट डफने खालचे दृश्य पाहिले. पुढे त्याने त्या धावत्या घोडदळाला खंभातच्या आखातात भरतीच्या वेळी उभ्या भिंतीसारखी आत घुसणाऱ्या लाटेची उपमा दिली. कुंपणे, उभी पिके घोड्यांच्या टापांखाली नाहीशी होत होती. शेतकरी काम टाकून पळत होते, बैल जू झुगारून उधळले होते, हरणे दचकून उठली होती. इतिहासकाराला असे दृश्य क्वचितच वाट्याला येते, आणि डफला त्याची जाणीव होती हे त्याच्या वर्णनावरून कळते.

त्याने दिलेले आकडे असे: पेशव्यांचे घोडदळ १८ हजार, पायदळ ८ हजार, तोफा १४. काही घोडेस्वार आणि पायदळ बाजीरावाने आपल्या रक्षणासाठी पर्वतीवर ठेवून घेतले होते. इंग्रजांकडे सगळे मिळून सुमारे २,८००, त्यांत गोरे ८०० च्या आसपास. बाकीचे देशी शिपाई, म्हणजे आपल्याच मुलखातले. हा तपशील लढाईच्या गोष्टीत बहुधा गाळला जातो, आणि पुढे तोच सर्वांत जड ठरणार होता.

फौज शहराबाहेर पडताना जरीपटक्याची काठी मोडली. अपशकुन! पण आता परतायचे कसे? सेनापती बापू गोखले घोड्यावर पुढे होता. लोकांना चेव आणत, प्रसंगी डिवचत पथके पुढे रेटत होता. इंग्रज कर्नल बरने खडकीत सामानावर पहारा ठेवला आणि बाकीची फौज घेऊन तो गणेशखिंडीच्या माळावर सामोरा आला. इंग्रज आपणहून चाल करून येतील हे मराठ्यांच्या हिशेबात नव्हते. दापोडीहून फोर्डही मुळा ओलांडून त्याला मिळायला निघाला.

फोर्डच्या वाटेत आडवा आला पेशव्यांकडचा मोरो दीक्षित. दोघे जुने स्नेही. लढाई होणार हे दिसू लागल्यावर दीक्षिताने फोर्डला आधीच सांगून ठेवले होते की मी माझ्या धन्याच्या बाजूनेच लढणार. दोघांनी एकमेकांना वचन दिले की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळावे. त्या संध्याकाळी दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडला, आणि ती तोफ फोर्डच्या पलटणीची होती. साऱ्या लढाईत मला मोठी वाटते ती एवढी एकच गोष्ट. बाकी डावपेच आहेत, आकडे आहेत.

डावपेचही पाहू, कारण लढाई एका चिखलाने फिरवली. पेशव्यांच्या पदरी द पिंतो नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. त्याची कवायती पलटण पुढे येताना दिसताच इंग्रजांकडची एक देशी पलटण उत्साहाच्या भरात तिच्यावर धावली आणि आपल्या रांगेपासून तुटली. गोखल्याने फट अचूक हेरली. निवडक सहा हजार घोडेस्वार एकदम त्या तुटलेल्या तुकडीवर सोडले. सगळा डाव या एका धडकेवर होता. पण मध्ये दलदलीचा एक खोल पट्टा होता, तो दोन्ही बाजूंना आधी दिसला नव्हता. पहिली घोडी त्यात रुतली, मागची त्यांच्यावर आदळली, आणि तो गुंता सुटायच्या आत समोरून बंदुकांची फैर आली. धडक तिथेच विरली. अंधार पडला तसा सामना थांबला आणि इंग्रज खडकीला परतले. त्यांचे ८६ लोक मेले किंवा जखमी झाले, मराठ्यांचे सुमारे ५००.

मोठ्या लढायांच्या मानाने हे आकडे किरकोळच. गोखल्याची फौज मोडली नव्हती, तोफा शाबूत होत्या, शहर हाती होते. पण जिंकायची वेळ टळून गेली होती आणि हे दोन्ही बाजूंना कळले होते.

आता दिवाळी. एकादशीच्या मागोमाग वसुबारस, धनत्रयोदशी आणि ८ नोव्हेंबरच्या सुमारास लक्ष्मीपूजन. पुण्याच्या एका अंगाला खडकीत शत्रू मुक्काम ठोकून बसलेला, दुसऱ्या अंगाने शिरूरकडून इंग्रजांचा जनरल स्मिथ येत असल्याच्या बातम्या. पंधरा वर्षांपूर्वीची होळकराची दिवाळी लोक विसरले नव्हते. तेव्हा शहर कसे नागवले गेले ते पाहिलेले सराफ आणि सावकार हयात होते. पाडव्याला नव्या वह्या घालायच्या, पण कोणाच्या राज्यात? पाडव्याला लागूनच मोहरमचा चंद्र होता. हिजरी १२३३ साल ११ नोव्हेंबरच्या आसपास सुरू झाले. पेशव्यांच्या फौजेत अरब शिबंदी होती आणि पुण्यात ताबूत बसत असत. म्हणजे व्यापाऱ्यांचे नवे वर्ष आणि मुसलमानांचे नवे वर्ष एकाच आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात पेशवाईचे शेवटचे दिवस.

स्मिथ १३ नोव्हेंबरला आला. १६ ला येरवड्याजवळ नदी ओलांडण्यावरून झुंज झाली, आणि त्या रात्री बाजीराव पुणे सोडून निघाला. १७ ला शहर इंग्रजांच्या हवाली झाले. शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूचे नाव पुणेकर आजही दात ओठ खाऊन घेतात. या खेपेला शहराची सरसकट लूट झाली नाही, याची काळजी एल्फिन्स्टनने घेतली. लुटलेल्या शहरावर राज्य करणे महाग पडते हे त्याला ठाऊक होते.

पुढचे वेगाने झाले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडला. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्ताला गेला आणि १८५१ पर्यंत तिथे जगला. श्रावणातली दक्षिणा इंग्रजांनी एकदम बंद केली नाही. तिच्या पैशातूनच ६ ऑक्टोबर १८२१ ला, दसऱ्याच्या सुमारास, विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज काढले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले.

या सगळ्या धामधुमीतून एखादा दिवस लोकांच्या पंचांगात उरला का? उरला, पण खडकीचा नव्हे. बाजीरावाच्या पाठलागातच १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला कॅप्टन स्टाँटनची तुकडी पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी दिवसभर झुंजली. शिरूरहून रात्रभर चालत आलेले ते पाचशेच्या आसपास देशी शिपाई, थोडे स्वार आणि मूठभर गोलंदाज. शिपायांत महार मोठ्या संख्येने होते. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे स्तंभाची पायाभरणी केली ती स्वतःच्या विजयाची आठवण म्हणून. शंभर वर्षांनी त्या स्तंभाचा अर्थच पालटला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि तेव्हापासून ती तारीख दरवर्षी लाखो लोक पाळतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा विजयस्तंभ त्यांच्या लेखी आपल्या पूर्वजांच्या शौर्याचा स्तंभ आहे. खडकीच्या माळावरही कंपनीकडून लढणारे बहुतेक देशीच होते, पण तिथे आपले पूर्वज शोधत कोणी आले नाही. मुंबई सैन्याच्या काही पलटणींना ‘खडकी’ हा रणसन्मान मिळाला होता. स्वतंत्र भारताच्या सैन्याने देशबांधवांविरुद्ध मिळवलेले असे सन्मान साजरे करायचे नाहीत असे ठरवले, आणि तोही धागा तुटला.

तारखेवरची भांडणे आणि गफलती आपल्याला नव्या नाहीत. पानिपत आणि संक्रांत यांची सांगड आपण हमखास घालतो, कारण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पण त्या काळी संक्रांत १४ ला येत नसे. ती शतकागणिक दीडेक दिवस पुढे सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे आधी पानिपतच्या साली संक्रांत लढाईपूर्वीच होऊन गेली होती. तरी ‘पानिपतची संक्रांत’ मनातून जात नाही, आणि जायचे कारणही नाही.

खडकी-गणेशखिंडीच्या रस्त्यावर ऐंशी वर्षांनी पुन्हा एका उत्सवाच्या दिवशी रक्त सांडले. मधल्या काळात खडकीची छावणी झाली होती. १८४१ चे ऑल सेंट्स चर्च, १८६९ चा दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचे ठाणे. गणेशखिंडीत गव्हर्नरचा प्रासाद उभा राहिला होता, तोच आता विद्यापीठाचा. १८९७ साल प्लेगचे. त्या वर्षी पुण्यात दोन उत्सव जेमतेम दहा दिवसांच्या अंतराने आले. टिळकांच्या पुढाकाराने १२ आणि १३ जूनला शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला, तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. आणि २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षे, हीरकमहोत्सव: टेकड्यांवर जाळ, गव्हर्नरच्या प्रासादात मेजवानी, आतषबाजी. प्लेगच्या तपासणीत घरे उपसली गेलेल्या शहराला ती आतषबाजी पाहावी लागली. रात्री मेजवानी आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चापेकराने गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली ती ‘केसरी’त छापलेल्या शिवोत्सवाच्या मजकुरावरून. सरकारच्या नजरेत दोन्ही उत्सवांचा संबंध सरळ होता. आपला राजा कोण आणि त्याचा दिवस कोणता, या प्रश्नावर त्या जूनमध्ये पुण्यात अक्षरशः माणसे मेली आणि तुरुंगात गेली.

आज सुटीची यादी ठरते ती फार रुक्ष वाटेने. राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करते त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. हा कायदा हुंड्या, चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा. बँका बंद असतील त्या दिवशी हुंडीची मुदत संपली तर काय करायचे, एवढीच त्याची मूळ चिंता. इंग्लंडातही तसेच होते. बँक ऑफ इंग्लंड एके काळी संतांच्या नावाने वर्षाला तीसच्या वर दिवस बंद असे. १८३४ मध्ये ते दिवस चारावर आणले गेले, आणि १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने पुन्हा थोडे वाढवले. सणाचा उगम पुराणात असो की रणांगणात, सुटीचा उगम मात्र सावकाराच्या पेढीत आहे.

खडकीत तरीही लष्करी दिवसांची वाण नाही. आयुध कारखाने १८ मार्च हा आपला दिवस पाळत आले. १८०२ मध्ये त्या दिवशी कोलकात्याजवळ काशीपूरला तोफांच्या कारखान्यात काम सुरू झाले होते. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या आणि खडकीचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडिया या पुण्यातल्या कंपनीकडे गेला. त्या कंपन्यांचे राष्ट्रार्पण झाले १५ ऑक्टोबरला. तो दिवस विजयादशमीचा होता, आणि तो योगायोग खास नव्हे.

नोव्हेंबरातही खडकीला एक दिवस आहे, पण तो युरोपातून आलेला. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिले महायुद्ध थांबले, आणि पुढच्या वर्षापासून त्या दिवशी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायची रीत ब्रिटनमध्ये पडली. कागदी खसखशीची फुले १९२१ पासूनची. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या राष्ट्रकुलातील १,६६८ जणांच्या कबरी आहेत, आणि पहिल्या युद्धाच्या काळात भारतात वारलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांची मूळ थडगी देशभर विखुरलेली, देखभालीपलीकडे गेलेली. म्हणून त्यांची आठवण एका जागी आणली, ती खडकीला.

मग ५ नोव्हेंबरच असा अनाथ का? हरलेल्यांनी हार पाळली नाही आणि जिंकणारे निघून गेले, हे झालेच. पण पाळायचा म्हटला असता तरी अडचण होती. आपल्याकडे जुना दिवस पाळायचा तो तिथीने, आणि खडकीची तिथी आश्विन वद्य एकादशी. तिला रमा एकादशी म्हणतात. त्या दिवशी अर्ध्या घरात उपास, अर्ध्या घरात चकलीची भाजणी. दुसऱ्या दिवशी वसुबारस. खडकी बाजारात आकाशकंदील, पणत्या, उटणी यांची गर्दी, एल्फिन्स्टन रोडवरही तीच. मोरो दीक्षिताचे श्राद्ध घालायचे तर वर्षातली सर्वांत गैरसोयीची वेळ.